आदितीचा युकुलेले आणि कोल्हापूरची हवा

३ ऑगस्ट, दुपारी सव्वातीन

आजपासून रोज लिहायचं ठरवलंय. डॉक्टर म्हणाले, आप्पासो, रिटायर माणसानं डोकं चालू ठेवावं. गोड बंद करा असंही म्हणाले, पण एका वेळी एकच.

घरात सामसूम. मुलगा अरिहंत गोकुळ शिरगावला कंपनीत, सूनबाई बँकेत, बायको राजमती महिला मंडळात. फेब्रुवारीत अरिहंतचं लग्न झालं. आदिती सोलापूरची. गुणी मुलगी, उलट बोलणं नाही. माहेराहून येताना हौसेनं आणलेली वस्तू एकच, युकुलेले. चार तारांचा, गिटारचं पोर म्हणावं एवढा. संध्याकाळी जिन्यात बसून वाजवते आणि रविवारी एक गाणं मोबाईलवर रेकॉर्ड करून आईला पाठवते.

आज मी तो हातात घेतला. फक्त धूळ पुसायला.

धूळ नव्हती.

५ ऑगस्ट

परत धूळ बघितली. बघता बघता एक खुंटी पिळली गेली. तार जरा चढी वाटत होती, म्हणून उतरवली. साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर अख्खी नोकरी काढली मी. आकडा बघायच्या आधी नुसत्या करकरण्यावरून गाडीचं वजन सांगायचो. तसा कान लाखात एक असतो.

संध्याकाळी आदितीनं वाजवायला घेतला आणि थांबली. सगळ्या तारा परत लावल्या. म्हणाली, मामा, इथल्या दमट हवेनं उतरतात बहुतेक, सोलापूरला कधी असं व्हायचं नाही. मी म्हटलं, कोल्हापूरची हवाच तशी, मिठाला पाणी सुटतंय.

खोटं बोललो नाही. मिठाला पाणी सुटतंच.

तरी भात नीट गेला नाही.

९ ऑगस्ट

शोध लागला. युकुलेलेत मुळातच चूक आहे.

कुठलंही तारवाद्य घ्या. वरची तार जाड, मग खाली बारीक बारीक होत जाते. इथं वरचीच तार बारीक, आणि तिच्या खालची जाड. त्यामुळं वरून बोट फिरवलं की आवाज आधी उंच, मग धप्पकन खाली, मग परत चढतो. म्हणून हे वाद्य सारखं हसल्यासारखं वाजतं. स्तवन वाजवा, तरी हसतंय. दुकानदारानं सोलापूरकरांना उल्लू बनवलेलं दिसतंय. पोरीला सांगणार कोण, वडील दोन वर्षांपूर्वी गेले.

मोबाईलवर बघितलं. तिथं म्हणतात ते असंच असतं, त्याला हाय जी म्हणतात. मोबाईलवर लोक काहीही म्हणतात. पण त्याच पानावर खाली एकजण म्हणतो की जाड तार लावून लो जी पण करता येतं, आवाज भारदस्त होतो. म्हणजे माझंच बरोबर निघालं.

१० ऑगस्ट

सकाळी मंदिरात गेलतो. चातुर्मास आहे, लोक मुनिमहाराजांपुढं एकेक नियम घेत होते. कुणी साखर सोडली, कुणी टीव्ही. माझी पाळी आली तेव्हा मन भरून आलं. दिवाळीपर्यंत परक्याच्या वस्तूला हात लावणार नाही, असा नियम घेतला. मनातल्या मनात. महाराजांनी हात वर करून आशीर्वाद दिला, म्हणजे त्यांना कळलं असणार.

फार हलकं वाटलं. हे आधीच करायला पाहिजे होतं.

११ ऑगस्ट, दुपारी

सून परकी कशी? तिला परकी समजणं हाच तिचा अपमान. तरी नियम तो नियम, म्हणून हातरुमाल धरून वाजवला. हात लागला नाही.

रुमालानं आवाज दबका येतो. शेजाऱ्यांनाही बरं.

१४ ऑगस्ट

वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, पावणं, काय पायजे? मी म्हटलं, युकुलेलेला लो जी. त्यानं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. या वयाचा जाणकार रोज येत नसणार.

घरी येऊन तार बदलली. सोपं काम आहे. दोनदा सुटून डोळ्याजवळून गेली, एवढंच. निघालेली बारीक तार चांगली चिवट होती, टाकवेना. गच्चीवरचं कढीपत्त्याचं रोप वाऱ्यानं लवलंय, त्याला काठी लावून तिनंच बांधलं. तारेचे दोन तुकडे केले, एक वर, एक खाली. राजमती म्हणाली, हे तुम्ही केलंत? तिच्या आवाजात कौतुक होतं.

आणि आवाज काय सांगू. खालपासून वरपर्यंत एका रांगेत, पायरीला पायरी. भरलेली गाडी काट्यावर चढल्यासारखं वजन आलं. हसणं बंद झालं.

संध्याकाळी आदितीनं घेतला. वरच्या तारेवर अंगठा फिरवला. परत फिरवला. माझ्याकडं बघितलं. मी पेपर वाचत होतो (उलटा नव्हता, नंतर खात्री केली). म्हणाली, मामा, हवेनं काय काय होतं ना? मी म्हटलं, तुला कल्पना नाही बाळ, गगनबावड्याला तर भिंतीवर शेवाळ चढतंय. ती व्हय म्हणाली. कोल्हापूरसारखं व्हय म्हणाली. रुळायला लागली.

१७ ऑगस्ट

भर वाजवताना दारात हंबीरराव. शेजारी आहे, म्हशी आहेत, बेल वाजवायची पद्धत नाही. म्हणाला, आप्पा, काय रं हे, सुनंचं हाय न्हवं? इचारलंस का तिला?

मी म्हटलं, घरातली वस्तू आहे.

म्हणाला, म्हंजी न्हाई इचारलंस.

मी त्याला लो जी आणि हाय जी समजावून सांगितलं. तो म्हणाला, माझ्या बुलेटचा आरसा कुणी हालवला तरी मला बसल्या बसल्या कळतंय, तिला न्हाई व्हय कळणार? मी म्हटलं, अरे बुलेट वेगळी आणि वाद्य वेगळं. त्याला संगीतातलं काय कळणार. चहा पिऊन गेला.

रात्री आदितीनं मला दुधाचा पेला आणून दिला. साखर न घालता, डॉक्टरांनी सांगितलेलं लक्षात ठेवून. गोड लागला नाही, आणि ते साखर नव्हती म्हणून नव्हे. उद्या सांगून टाकतो.

१८ ऑगस्ट

आज तिला बँकेत काम फार होतं. थकून आलेल्या माणसाला असलं सांगू नये.

१९ ऑगस्ट, संध्याकाळी

आज जे कळलं ते तारखेसह नोंदवून ठेवतो.

सगळ्यात खालची तार एक सूर उतरवली की चारी तारा आपोआप जुळतात. मग डाव्या हातानं काहीही दाबायचं नाही. नुसता हात फिरवला की पूर्ण कॉर्ड, जुळलेल्या सुरांचा अख्खा गुच्छ. याला ओपन ट्यूनिंग म्हणतात. जगातली पोरंपोरी बोटं वाकडी करून वर्षं घालवतात आणि मी इथं दोन मिनिटांत पोचलोय. वर पाचव्या पट्टीवर एक आडवं बोट ठेवलं की दुसरी कॉर्ड, सातव्यावर ठेवलं की तिसरी. एका बोटात सगळं संगीत आलं. बाकीची नऊ बोटं मोकळी.

आवाज तंबोऱ्याच्या जवळ जातो. डोळे मिटून वाजवलं. डोळे उघडले तेव्हा पाच वाजलेले आणि रुमाल खाली पडलेला.

नियम मोडला का? झोपेत मोडलेला नियम धरत नाहीत. मी जवळजवळ झोपेतच होतो.

२१ ऑगस्ट

दुपारी प्रयोग पुढं नेला. ओपनमध्ये मधली एक तार फक्त अर्धा सूर ढिली केली. अर्धाच. आणि सगळं वाद्य रडवं झालं. तेच लाकूड, तेच बोट, तेच घर. माझ्या आईची आठवण आली. एवढ्याशा पिळण्यात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. त्याच नादात राजमती आली, मी युकुलेले भिंतीला ठेवला आणि भाजी निवडायला बसलो.

म्हणजे तारा तशाच राहिल्या.

संध्याकाळी आदितीनं रोजचं गाणं सुरू केलं. बोटं नेहमीच्या जागी, आणि आवाज रडका, वाकडा. तीन-चार झटके दिले आणि थांबली. लावला नाही. मांडीवर घेऊन बसली. मग आईला फोन. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात होतो, भिंत पातळ आहे. म्हणाली, आई, या रविवारी पण नाही जमायचं गं पाठवायला. इथली हवा मानवत नाही त्याला.

तिथून एक विचार डोक्यात शिरलाय. त्याला, असं म्हणाली. पण माहेराहून आलेली पोर आईला फोनवर असंच सांगते, वस्तूचं नाव घेऊन. तिलाच मानवत नसलं तर?

तीन पेले पाणी प्यालो. मी माझ्या हातानं तिचं घर बेसूर करतोय. हे लिहिताना बरं वाटत नाही.

ठरलं. उद्यापासून बंद. कायमचं.

२२ ऑगस्ट

बंद ठेवला. फक्त तो रडका सूर परत जागेवर आणायला एकदा घेतला. ती माझी जबाबदारीच होती. जागेवर आणेपर्यंत चार वाजले.

२४ ऑगस्ट

राजमती म्हणाली, मंडळानं आदितीला पाच तारखेला बोलावलंय, दशलक्षण पर्वाच्या कार्यक्रमात युकुलेलेवर स्तवन म्हणायला. सासरच्या समाजापुढं पहिल्यांदा. बायका कौतुकानं येणार आहेत. मग मुगातले खडे काढता काढता म्हणाली, पोरीच्या वडिलांनीच घेऊन दिलाय तो. तारासुद्धा त्यांनी बसवलेल्या, शेवटचं दवाखान्यात जायच्या आधी. तेव्हापासून तिनं एक तार बदललेली नाही.

मी गच्चीवर गेलो.

कढीपत्ता छान सरळ उभा आहे. नवी पालवी आलीय. वरच्या गाठीला हात लावला. सुटेना. सुटली असती तर रोप मोडून पडलं असतं, आणि जीवदया पण बघावी लागते. बराच वेळ तिथंच उभा राहिलो. राजमतीनं खालून हाक मारली, कढीपत्ता आणायला एवढा वेळ? मी कढीपत्ता न घेताच खाली आलो.

आज कढीला फोडणी बिनपानाची.

२७ ऑगस्ट

उद्यापासून दशलक्षण पर्व. दहा दिवस रोज एका गुणावर प्रवचन, आणि संपल्यावर क्षमावाणी. त्या दिवशी सगळ्यांनी सगळ्यांना उत्तम क्षमा म्हणायचं, वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर माफ करा म्हणून हात जोडायचे. काय चुकलं ते कुणी विचारत नाही. पूर्वजांनी किती विचार केलाय बघा.

म्हणजे प्रश्न सुटला. आठ सप्टेंबरला आदितीला हात जोडायचे, कळत-नकळत म्हणायचं, ती क्षमा म्हणणार. त्यात तार पण आली, कढीपत्ता पण आला. आज कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

२८ ऑगस्ट

उत्तम क्षमा. पंडितजी म्हणाले, ज्याची क्षमा मागायची तो दोष आधी सोडावा लागतो. हे मला नवीन होतं.

आठ तारखेला वेळ आहे. तोवर सोडतो.

२९ ऑगस्ट

उत्तम मार्दव, म्हणजे गर्व नसणं. मला गर्व नाही हे मी प्रवचनानंतर दोघातिघांना सांगितलं.

३० ऑगस्ट

उत्तम आर्जव, म्हणजे सरळपणा. सरळ सांगून टाकायचं ठरवलं. आरशापुढं उभा राहून सराव केला. आदिती, मी तुझा. तिथंच अडलो. आदिती, तुझा तो. परत अडलो. मागं वळलो तर आदिती दारात. म्हणाली, मामा, मला हाक मारलीत? मी म्हटलं, पाठांतर करतोय. म्हणाली, म्हणा की, मी ऐकते. आणि खरंच उंबऱ्यावर बसली.

मी णमोकार मंत्र म्हणून दाखवला. तिनं शेवटपर्यंत ऐकला.

१ सप्टेंबर

उत्तम सत्य. आज कुणी काही विचारलं नाही, हे बरं झालं.

२ सप्टेंबर

उत्तम संयम. सव्वातीनपर्यंत पाळला.

मग विचार केला, मंडळाचा हॉल मोठा, पंखे घरघरणार, बायका बोलणार. आदितीचा आवाज मागंपर्यंत जायला पाहिजे. मोबाईलवर बघितलं, जुन्या काळी चारी तारा एक सूर वर चढवायचे, त्याला डी ट्यूनिंग म्हणतात. ताण वाढतो, आवाज खणखणीत होतो. करून बघितलं. खरंच, पातेल्यावर चमचा मारल्यासारखा. हे सगळं तिच्यासाठीच.

चढवताना आतून कट् असा आवाज आला. लाकूड आहे, बोलतंय. तारा परत उतरवल्या.

तारा जिथं अडकवतात त्या पट्टीखाली नख शिरतंय. आधी पण शिरत असेल.

३ सप्टेंबर

उत्तम तप. राजमतीचा सातवा उपवास, नुसत्या पाण्यावर. चेहरा बघून लाज वाटली. मी पण काहीतरी सोडायला पाहिजे म्हणून दुपारचा चहा सोडला. चार वाजता डोकं दुखायला लागलं. औषध म्हणून घेतला.

५ सप्टेंबर, सकाळी अकरा

आज कार्यक्रम. आदिती बँकेतून चारला येणार आणि सहाला स्टेजवर.

रात्रभर एकच विचार. पोरीनं आज वडिलांचा आवाज घेऊन स्टेजवर जायला पाहिजे. तो हसरा आवाज. मी भारदस्त केलाय ते चांगलंच केलंय, पण आज त्याचा दिवस नव्हे. सगळं होतं तसं करून ठेवायचं आणि विषय मिटवायचा. हेच खरं प्रायश्चित्त.

गच्चीवर गेलो. गाठी कापल्या, रोपाला सुतळी बांधली, बारीक तारेचे दोन्ही तुकडे घेऊन आलो. एकही पुरेना. जोडून गाठ मारली, तर गाठ खुंटीवरून निसटते. परत वर जाऊन तुकडे होते तसे बांधले, निदान रोप तरी जगू दे. दुकान जेवणासाठी बंद असेल (असेलच).

मग लक्षात आलं. तार बारीक असली काय, जाड असली काय, सूर महत्त्वाचा. जाड तारच ताणून त्या उंच सुरापर्यंत न्यायची.

५ सप्टेंबर, दुपारी साडेतीन

जाड तार निम्म्यापर्यंत चांगली आली. मोबाईलवर सूर दाखवणारी सुई हलत होती, हिरवं यायला थोडंच राहिलेलं. मग थोडं आणखी पिळलं.

पट्टी उडाली. चारी तारांसकट. समोरच्या भिंतीवर राजमतीच्या वडिलांचा फोटो आहे, त्याच्या काचेवर जाऊन आदळली. काच फुटली नाही. मी खाली बसलो.

लाकडावर पट्टीच्या जागी फिकट चौकोन उरलाय.

पट्टी डिंकानं चिकटवली, वर वही ठेवली, वहीवर वरवंटा. दुपारभर शेजारी बसून राहिलो. कधी नव्हे ते खरंच हात लावला नाही.

५ सप्टेंबर, रात्री

चारला आदिती आली. मी वरवंटा उचलायच्या आधीच खोलीत आली. वरवंट्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडलं. तीच म्हणाली, मामा, निघायला उशीर होतोय, तुम्ही कपडे बदला. वरवंटा उचलून स्वयंपाकघरात ठेवला आणि युकुलेले पिशवीत घालून कपाटात.

हॉल भरलेला. मी पहिल्या रांगेत, वरासारखा. आदिती मोकळ्या हातानं स्टेजवर आली. माईकवर म्हणाली, युकुलेलेवर म्हणणार होते, पण कोल्हापूरच्या हवेनं त्याला जरा त्रास झालाय, तेव्हा तसंच म्हणते. अध्यक्षबाई लगेच उठून म्हणाल्या, अगदी खरं आहे, आमची हार्मोनियम पण पावसाळ्यात धरते. बायकांनी माना हलवल्या. हवेवर पाच मिनिटं चर्चा झाली. माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, आप्पासो, हवाच वाईट. मी हं म्हटलं.

मग ती गायली. नुसता गळा. सुरुवातीला उजवा हात मांडीवर आपोआप फिरत होता, तारांवर फिरतो तसा. मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं तो डाव्या हातात धरून ठेवला.

टाळ्या खूप पडल्या. मी वाजवल्या नाहीत. हातांची लाज वाटली.

७ सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी, पर्व संपलं. राजमतीनं आज उपवास सोडला, आदितीनं तिला मुगाचं पाणी चमच्यानं भरवलं. आता उद्या. वाक्य तयार आहे. कळत-नकळत म्हणणार नाही. नाव घेऊन, तारेसकट, सगळं सांगणार. माणसानं एकदा तरी सरळ वागावं.

८ सप्टेंबर, सकाळी दहा

क्षमावाणी. सकाळी उठल्या उठल्या मोबाईल घेतला आणि जोडलेले हात आणि फुलं असलेल्या चित्राखाली कळत-नकळतचा मजकूर सगळ्यांना पाठवला. कारखान्याचा ग्रुप, मॉर्निंग वॉकचा ग्रुप, घरचा ग्रुप. घरच्या ग्रुपवर आदिती पण आहे. दोन मिनिटांत तिचे जोडलेले हात आले. छातीवरचं ओझं उतरलं. म्हटलं, झालं की. नाव घेतलं नाही, पण भावना पोचली.

चहा घेत होतो तर ती स्वतः आली. वाकून नमस्कार केला. म्हणाली, मामा, उत्तम क्षमा. मी आईशी खोटं बोलले, स्टेजवर सगळ्यांपुढं खोटं बोलले, हवेवर ढकललं. ते माझं चुकलं. मला क्षमा करा.

मग ती सावकाश म्हणाली, हवेनं तार उतरते, मामा. जाड होत नाही. आणि गच्चीवर जाऊन कढीपत्त्याला गुंडाळून पण बसत नाही.

कप रिकामा होता, तरी मी एक घोट घेतला.

म्हणाली, एक दिवस सोडला तर मी रोज संध्याकाळी लावून ठेवत होते, दुपारी तुम्हाला सुरात मिळावा म्हणून. बाबा पण असेच खुंट्या पिळत बसायचे, त्यांना कधी जमलं नाही. मला वाटायचं, आज मामा सांगतील, आज सांगतील. आईला काय सांगू, सासरे वाजवतात म्हणून? मग हवा म्हटलं.

मग वाट बघत उभी राहिली. आता माझी पाळी होती. नाव घेऊन, तारेसकट. तयार केलेलं वाक्य होतं.

मी म्हटलं, मोबाईलवर पाठवलंय की.

आतून राजमती हसली. दहा दिवसांच्या उपवासानं अंगात त्राण नाही, तरी भिंतीला धरून हसली. आदिती हसली नाही. तिनं मान हलवली आणि म्हणाली, क्षमा, मामा. कढीपत्त्याची तार तिथंच राहू दे, रोप उभं राहिलंय तिच्यावर. संध्याकाळी दोघं जाऊन युकुलेले दुरुस्तीला टाकू.

ती बँकेत गेल्यावर मी देवापुढं बसलो आणि रडलो. थोडंसं. आता यापुढं खोटं नाही. चातुर्मासापुरतं नव्हे, जन्माचं. आणि यावेळी मनात नाही, राजमतीपुढं मोठ्यानं म्हणालो. तिनं ऐकलं.

८ सप्टेंबर, संध्याकाळी

आदितीच्या गाडीवर मागं बसून गेलो, युकुलेले मांडीवर. तेच दुकान. दुकानदारानं मला ओळखलं. युकुलेले उलटासुलटा करून बघितला, पट्टी बघितली, डिंक बघितला. म्हणाला, पावणं, हे कशानं हो झालं?

आदिती शेजारीच उभी होती. सगळं अगदी जिभेवर आलेलं.

मी म्हटलं, हवा.

तो म्हणाला, व्हय की, यंदा लईच दमट हाय. आणि पावती फाडली.

आदितीनं पावती घेतली आणि माझ्या खिशात घातली.

घरी येऊन पुढच्या वर्षीची क्षमावाणी कधी आहे बघायला कॅलेंडर काढलं. ते डिसेंबरपर्यंतच आहे.